हा ट्रेड दोघांनाही परवडतो का? एनबीएच्या चर्चेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी लागला की एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, पाहणाऱ्यांच्या बोलण्यात सामने मागे पडतात आणि ट्रेड पुढे येतात. अदलाबदलीची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी तीनला संपते, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री दीडला. त्याआधीचे पंधरा दिवस रोज एक नवा प्रस्ताव कानावर येतो, आणि त्याचा निकालही सोबतच येतो: याने त्याला लुटलं, त्याने याला गंडवलं.

नव्या चाहत्याने या निकालाची घाई करू नये. ट्रेड व्हायला दोन जनरल मॅनेजरांचा होकार लागतो. दोघांच्या हाताशी पगारांचे हिशेब, डॉक्टरांचे अहवाल आणि वर्षभर खेळाडू बघत फिरणारी माणसं असतात. म्हणून ‘कोण जिंकलं’ हे नंतर. आधी ‘दोघं हो का म्हणतील’ हे विचारायचं. एका बाजूचा होकार काही केल्या समजत नसेल, तर एक तर प्रस्ताव फोल आहे, नाहीतर त्या संघाची एखादी अडचण आपल्याला ठाऊक नाही. ती अडचण शोधण्यातच या चर्चेची खरी गोडी आहे.

शिकायला एक जुना, पूर्ण झालेला ट्रेड घेऊ: ८ फेब्रुवारी २०२२, सॅक्रामेंटो किंग्स आणि इंडियाना पेसर्स. मुंबईकरांना हे दोन संघ अनोळखी नसावेत. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने याच दोघांत झाले होते. किंग्सचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्मही मुंबईचा. वरळीला ज्यांनी पेसर्सच्या जर्सीत डोमांटास सबोनिसला आणि किंग्सच्या जर्सीत बडी हील्डला पाहिलं, त्यांच्यासमोर सव्वादोन वर्षांत हे दोघं विरुद्ध जर्सीत उभे राहिले.

पहिली पायरी: ट्रेड पूर्ण लिहून काढा

बातमीत दोन मोठी नावं असतात. खरा ट्रेड त्याहून लांब असतो, आणि पुष्कळदा उत्तर त्या शेपटीत दडलेलं असतं. कागदाच्या दोन बाजू करा. प्रत्येक खेळाडूपुढे वय, यंदाचा पगार, करार कधी संपतो आणि तो कोणत्या जागी खेळतो, एवढं लिहा. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, तीत हरणाऱ्या संघांना वरचा क्रमांक; पिक म्हणजे त्या निवडीतली पाळी. ड्राफ्टचे पिक असतील तर कोणत्या वर्षाचे, कोणत्या फेरीचे आणि मुळात कोणत्या संघाचे, तेही.

आपल्या उदाहरणात किंग्सनी दिले टायरीस हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्प्सन. पेसर्सनी दिले डोमांटास सबोनिस, जेरेमी लॅम, जस्टिन हॉलिडे आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक. हॅलिबर्टन २१ वर्षांचा, कारकिर्दीचं दुसरंच वर्ष, नवोदिताच्या करारावर, पगार जेमतेम ४० लाख डॉलर. सबोनिस २५ वर्षांचा, दोनदा ऑल-स्टार झालेला, करार २०२४च्या उन्हाळ्यापर्यंतचा.

फक्त ‘हॅलिबर्टन विरुद्ध सबोनिस’ म्हटलं की वाद आवडीनिवडीचा होतो. सगळं लिहिलं की लगेच प्रश्न पडतो: हील्ड यात का आहे? त्याचं उत्तर पुढच्या पायरीत मिळतं.

दुसरी पायरी: नियमांत बसतो का?

आयपीएलमध्ये नोव्हेंबर २०२३मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला तो निव्वळ पैशांच्या व्यवहारात. बदल्यात एकही खेळाडू गेला नाही. एनबीएमध्ये स्टार खेळाडू असा नुसत्या रोकड्यावर मिळत नाही. ट्रेडमध्ये वर्षभरात किती रोख द्यायची यालाच मर्यादा आहे. संघांच्या एकूण पगारावर सॅलरी कॅप नावाची लवचीक मर्यादा असते, आणि बहुतेक संघ तिच्या वरच असतात. कॅपच्या वर असलेल्या संघाला पगाराच्या बदल्यात जवळपास तेवढाच पगार आणावा लागतो. म्हणूनच सबोनिस, लॅम आणि हॉलिडे यांचे पगार मिळून जेवढे होत होते, त्याला जुळणारा आकडा एकट्या हॅलिबर्टनच्या ४० लाखांनी भरला नसता. दोन कोटींवर पगार असलेला हील्ड आणि करार संपत आलेला थॉम्प्सन त्या भरीसाठीही होते. दोन्ही बाजू साधारण साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास येऊन बसल्या.

आजचे नियम अधिक कडक आहेत. २०२५-२६च्या हंगामातली सॅलरी कॅप १५.४६ कोटी डॉलर, लक्झरी टॅक्स (जादा पगारावरचा दंड) १८.७९ कोटींपासून, त्यावर एप्रन म्हणजे आणखी कडक रेषा: पहिला १९.५९ कोटींवर आणि दुसरा २०.७८ कोटींवर. हे आकडे दरवर्षी बदलतात, त्यामुळे पाठ करू नका. कोणता संघ कोणत्या रेषेच्या वर आहे एवढं बघायची सवय लावा, कारण रेषेगणिक हात बांधले जातात:

– पहिल्या एप्रनच्या खाली असलेला संघ पाठवला त्यापेक्षा जास्त पगार आणू शकतो. मोठ्या पगारांसाठी सूत्र आहे १२५ टक्के अधिक अडीच लाख डॉलर. म्हणजे ४ कोटी पाठवले तर ५ कोटी २.५ लाखांपर्यंत आणता येतात. पण असं केलं की त्या हंगामात पहिला एप्रन ओलांडता येत नाही.
– पहिल्या एप्रनच्या वर गेलं की पाठवाल तेवढंच आणा, एक डॉलरही जास्त नाही.
– दुसऱ्या एप्रनच्या वर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा पगार आणता येत नाही, आणि ट्रेडमध्ये रोख रक्कमही देता येत नाही.

शेवटचा मुद्दा नवख्यांच्या सर्वांत जास्त कल्पना मोडतो. ‘आमचे दोन बरे खेळाडू देऊ आणि एक स्टार घेऊ’ असं जो चाहता म्हणतो, त्याचा संघ दुसऱ्या एप्रनच्या वर असेल तर चर्चा तिथेच संपली.

आकडेमोड हाताने करायची गरज नाही. ईएसपीएनच्या ट्रेड मशीनसारखी साधनं फुकट आहेत. नावं भरली की ट्रेड बसतो की नाही ते कळतं. मात्र मशीनने हिरवा कंदील दाखवला म्हणजे ट्रेड शहाणपणाचा ठरला असं नाही. नियमांत बसणारे मूर्ख ट्रेड ढीगभर सुचवता येतात.

पिकचाही एक नियम इथेच बघून घ्या. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या फेरीचे पिक इतक्या सढळ हाताने वाटले की लीगला मध्ये पडावं लागलं. तेव्हापासून पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही पिक हातात उरणार नाही, असा व्यवहार करता येत नाही. आणि सात वर्षांपलीकडचा पिक देताच येत नाही. म्हणून मोठ्या ट्रेडमध्ये पिक एकाआड एक वर्षांचे दिसतात आणि मधल्या वर्षी ‘स्वॅप’ असतो, म्हणजे दोघांच्या पिकांपैकी चांगला कोणता तो आपण ठेवण्याचा हक्क.

रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, नेहमीच्या करारांचे १५ खेळाडू मावतात. एक देऊन तीन घेणाऱ्याने आधी दोन जागा रिकाम्या करायच्या असतात. प्रस्ताव मांडताना हे साफ विसरलं जातं.

तिसरी पायरी: कोणाच्या घड्याळात किती वाजलेत?

माझ्या मते अख्ख्या तपासणीतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. प्रत्येक संघाला स्वतंत्रपणे विचारा: यांना कधी जिंकायचं आहे? यंदा, तीन वर्षांनी, की अजून कशाचाच पत्ता नाही? एकाला आज हवं आणि दुसऱ्याला उद्या हवं असेल, तर एकच ट्रेड दोघांसाठी योग्य असू शकतो. दोघांनाही आजच हवं असेल तर सौदा जमणं अवघड, आणि जमलाच तर कोणीतरी स्वतःच्या घड्याळाबद्दल चुकलेलं असण्याची शक्यता मोठी.

२०२२च्या फेब्रुवारीत किंग्स आणि पेसर्स दोघंही हरत होते. तरी घड्याळं वेगळी होती. किंग्सनी २००६नंतर प्लेऑफ पाहिलेलंच नव्हतं. त्या शहराला आणखी एक होतकरू मुलगा नको होता, एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर प्लेऑफचा सामना हवा होता. पेसर्सचं उलट: ते वर्षानुवर्षं प्लेऑफच्या पहिल्या फेरीपर्यंत जाऊन परतत होते आणि त्याच मधल्या जागेत अडकले होते. त्यांना ज्याच्याभोवती पुढची आठ-दहा वर्षं संघ बांधता येईल असा खेळाडू हवा होता, आणि त्यासाठी दोन हंगाम हरायची त्यांची तयारी होती.

घड्याळ चुकीचं वाचलं की काय होतं, याचं उदाहरण २०१३चं. ब्रुकलिन नेट्सनी बोस्टन सेल्टिक्सकडून केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी घेतले. गार्नेट तेव्हा ३७चा, पिअर्स ३५चा. नेट्सचे मालक मिखाइल प्रोखोरोव्ह यांनी पाच वर्षांत विजेतेपद आणतो असं जाहीर करून ठेवलं होतं आणि त्यातली तीन उलटली होती. बदल्यात गेले २०१४, २०१६ आणि २०१८चे पहिल्या फेरीचे पिक आणि २०१७चा स्वॅप. स्टेपियन नियमामुळे आलेली एकाआड एक वर्षं इथे नीट दिसतात. नेट्स त्या हंगामात दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरले. पिअर्स एका वर्षात गेला, गार्नेट दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर. २०१६-१७मध्ये नेट्स लीगमध्ये तळाला होते आणि त्या तळाचं फळ स्वॅपमुळे बोस्टनला मिळालं. २०१६च्या पिकवर बोस्टनने जेलन ब्राउन घेतला. २०१७चा पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन ते तिसऱ्यावर आले, वर आणखी एक पिक मिळवला आणि जेसन टेटम घेतला. हे दोघं २०२४ला बोस्टनचे विजेते झाले.

सेल्टिक्सनी ट्रेडच्या दिवशी स्वतःला सांगितलं होतं की आपली वेळ संपली. त्या दिवशी संघात दोन लाडके दिग्गज असताना असं म्हणायला धैर्य लागतं. चर्चेत तेही मोजा.

चौथी पायरी: कोर्टवर कोण कुठे उभं राहणार?

पगार आणि पिकांच्या नादात बास्केटबॉलच विसरायला होतं. पाच जणांत एकच चेंडू असतो. नवा खेळाडू आला की चेंडू कोणाच्या हातात, कोपऱ्यात कोण, बास्केटजवळ कोण, आणि समोरचा सर्वांत उंच खेळाडू कोण अडवणार, हे डोळ्यांपुढे आणा. शक्य असेल तर दोन्ही संघांचा एकेक अख्खा सामना बघा. आकड्यांपेक्षा लवकर समजतं.

किंग्सकडे डीॲरन फॉक्स आणि हॅलिबर्टन, दोघंही चेंडू हातात असताना खुलणारे. फॉक्स वेगाने आत घुसला की हॅलिबर्टन कोपऱ्यात वाट बघत उभा. त्यात २०२१च्या ड्राफ्टमध्ये किंग्सनी आणखी एक गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारा), डेव्हियन मिचेल, घेऊन ठेवला होता. पेसर्सकडे अडचण उंच खेळाडूंची: माइल्स टर्नर आणि सबोनिस दोघंही मुळात सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे. एकत्र खेळले की बचावात त्यांच्यापैकी एकाला बास्केट सोडून लांबवर, चपळ खेळाडूमागे धावावं लागे. म्हणजे एकाकडे गार्ड जास्त, दुसऱ्याकडे सेंटर जास्त. अशी जोडी दिसली की समजावं, हा ट्रेड खरोखर होऊ शकतो.

पुढच्या हंगामातलं किंग्सचं एक नेहमीचं दृश्य सांगते म्हणजे मुद्दा कळेल. सबोनिस फ्री-थ्रो रेषेच्या टोकाशी, बास्केटकडे पाठ करून, चेंडू दोन्ही हातांत धरून उभा. केव्हिन हर्टर कोपऱ्यातून धावत येतो आणि सबोनिसच्या खांद्याला जवळजवळ घासून जातो. जाता जाता चेंडू त्याच्या हातात पडतो. पाठलाग करणारा बचावपटू सबोनिसच्या अंगावर अडकतो. हर्टर मोकळा, तीन गुणांचा शॉट. बचाव हर्टरकडे झुकला तर चेंडू सबोनिसकडेच राहतो आणि तो वळून थेट आत. या खेळावर २०२२-२३मध्ये किंग्सचं आक्रमण, दर शंभर पझेशनमागे (चेंडू ताब्यात येण्याच्या खेपांमागे) गुणांच्या हिशेबात, तोवरच्या एनबीए इतिहासात सर्वांत वरचं ठरलं. टर्नरच्या शेजारी सबोनिसला ही जागा कधी एवढी मोकळी मिळाली नव्हती. तिकडे इंडियानात हॅलिबर्टनला चेंडू मिळाला, आणि टर्नरला बास्केटजवळची जागा एकट्याला मिळाली.

पाचवी पायरी: खेळाडूसोबत त्याचा करार येतो

ट्रेडमध्ये संघ घेतो ते खेळाडूचे उरलेले हंगाम आणि त्यांची किंमत. म्हणून तोच खेळाडू एका संघाला सोनं आणि दुसऱ्याला ओझं असू शकतो. जून २०२५मध्ये बोस्टनने ज्रू हॉलिडेला पोर्टलँडला पाठवून अँफर्नी सायमन्सला आणलं. २०२४च्या विजेत्या संघातला बचावाचा आधारस्तंभ देऊन बचावात कच्चा गार्ड घेतला, हे पाहून अनेकांनी डोक्याला हात लावला. पण हॉलिडे ३५चा होता, त्याच्या करारात तीन हंगाम आणि १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाकी होती. सायमन्सचं एकच वर्ष उरलं होतं. टेटमचा टाचेमागचा अकिलिस स्नायुबंध मे महिन्यात फाटलेला, संघ दुसऱ्या एप्रनच्या वर. बोस्टनला त्या उन्हाळ्यात पगार कमी करायचा होता. पोर्टलँडकडे तरुण खेळाडू होते आणि त्यांना शिकवणारा अनुभवी हात हवा होता.

करार संपत आलेल्या खेळाडूबद्दल एकच प्रश्न पुरतो: तो थांबला नाही तर? टोरांटोने २०१८मध्ये डीमार डीरोझन देऊन कवाय लेनर्ड घेतला, तेव्हा त्याचं एकच वर्ष उरलं होतं आणि तो थांबेल याची खात्री कोणालाच नव्हती. तो थांबलाही नाही. पण २०१९चं विजेतेपद देऊन गेला. टोरांटोने एका वर्षाचीच किंमत धरली होती, म्हणून तो ट्रेड माझ्या लेखी उत्तम.

तब्येतीची तपासणी ही शेवटची अट असते, हेही ध्यानात असू द्या. जाहीर झालेला ट्रेडसुद्धा तिथे मोडतो.

सहावी पायरी: पिकला किंमत लावा

‘पहिल्या फेरीचे चार पिक’ हे ऐकायला भारी वाटतं. आधी विचारा, कोणाचे? बलाढ्य संघाचा पुढच्या वर्षीचा पिक बहुधा तिसाव्या क्रमांकाच्या आसपास जातो आणि त्याला फारसं मोल नसतं. त्याच संघाचा सहा वर्षांनंतरचा पिक मौल्यवान असतो, कारण तोवर आजचे तारे म्हातारे झालेले असतात. दुसरा प्रश्न प्रोटेक्शनचा. ‘टॉप-५ प्रोटेक्टेड’ म्हणजे पिक पहिल्या पाचांत आला तर मूळ संघाकडेच राहतो. नेट्सनी २०१३ला दिलेल्या पिकांवर असं कुलूप नव्हतं. असतं तर २०१६चा तिसरा क्रमांक त्यांच्याकडेच राहिला असता.

दुसऱ्या फेरीचे पिक बहुतेक वेळा तोंडी लावण्यापुरते. निकोला योकिच ४१वा निवडला गेला होता हे खरं, पण त्याचं नाव घेऊन दुसऱ्या फेरीच्या प्रत्येक पिकची किंमत वाढवू नका.

कधीकधी पिकच्या बदल्यात काय आलं हे कागदावर दिसतच नाही. २०१९च्या जुलैत क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटी थंडरला शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन स्वॅप दिले. एका खेळाडूसाठी एवढं? पण जॉर्ज येणार असेल तरच लेनर्ड क्लिपर्सशी करार करणार होता. किंमत दोन ताऱ्यांची होती. पुढे गिल्जस-अलेक्झांडर २०२५चा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, क्लिपर्सच्या २०२२च्या पिकवर आलेला जेलन विल्यम्स त्याच्या जोडीला उभा राहिला आणि थंडर विजेते झाले. ओक्लाहोमाने हा ट्रेड जिंकला यात वाद नाही. तरी क्लिपर्स त्या रात्री वेडे होते असं मी म्हणणार नाही.

सातवी पायरी: समोरच्याच्या खुर्चीत बसून नकार द्या

प्रस्ताव आपल्या संघाच्या बाजूने सुचलेला असतो, म्हणून तो नेहमी आपल्याला गोड लागतो. आता समोरच्या संघाचे जनरल मॅनेजर व्हा आणि नकाराची सर्वांत भक्कम कारणं लिहा. तीन कारणं सहज सुचली आणि एकालाही उत्तर नसेल तर प्रस्ताव सोडून द्या.

सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे तीन मध्यम खेळाडूंना एका ताऱ्याच्या बरोबरीचं मानणं. गुणांची बेरीज जुळते, पण कोर्टवर पाचच जण असतात आणि तारा सामन्यातली ३५-३६ मिनिटं खेळतो. तीन मध्यम खेळाडू घेणाऱ्याला ती मिनिटं आपल्याच कोणाकडून तरी काढून घ्यावी लागतात. सगळ्यांत चांगला खेळाडू ज्याला मिळतो त्याला झुकतं माप द्या, आणि उरलेल्या गोष्टींनी ते फिटतं का बघा.

त्याच जोडीला बाजारभावही विचारा: हाच खेळाडू विकायला काढला तर बाकीचे अठ्ठावीस संघ काय देतील? समोरच्याला दुसरीकडे जास्त मिळणार असेल तर तुमचा न्याय्य वाटणारा प्रस्तावही अपुरा आहे.

शक्य असेल तर त्या दुसऱ्या संघाच्या एखाद्या चाहत्यालाच विचारा. कोणता खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये नकोसा झालाय, कोणाचा गुडघा दुखतोय, मालक टॅक्स भरायला तयार आहे का, हे त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतं. तो भावनेच्या भरात बोलेल. तरी ऐकून घ्या.

आठवी पायरी: निकाल तारखेसह लिहा

ट्रेडच्या दिवशी जे माहीत होतं त्यावर एक निकाल, आणि दोन-तीन वर्षांनी दुसरा. हे दोन निकाल एकमेकांत मिसळू नका. फेब्रुवारी २००८मध्ये मेम्फिसने पाउ गसोल लेकर्सना दिला तेव्हा मेम्फिसची सगळीकडे टिंगल झाली. मिळालं काय, तर क्वामे ब्राउनचा संपत आलेला करार, दोन पिक, दोन किरकोळ नावं आणि पाउच्या धाकट्या भावाचे, मार्कचे हक्क. मार्क तेव्हा स्पेनमध्ये खेळत होता, ड्राफ्टमध्ये ४८वा. लेकर्सनी २००९ आणि २०१०ची विजेतेपदं जिंकली. मार्क २०१३ला लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि त्याच वर्षी मेम्फिस पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचलं. पाच वर्षांनी दोन्ही बाजूंना समाधानाने मागे वळून बघता आलं.

किंग्स-पेसर्सचा माझा निकाल असा. २०२२च्या तारखेला दोघांसाठी योग्य. किंग्सनी २०२३मध्ये ४८ सामने जिंकले, १६ हंगामांचा दुष्काळ संपवला आणि पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटला सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. आजच्या तारखेला पारडं पेसर्सकडे स्पष्ट झुकलेलं आहे: २०२४ला पूर्व विभागाची अंतिम फेरी, २०२५ला थेट एनबीए फायनल्सचा सातवा सामना. हॅलिबर्टनचा अकिलिस त्या सामन्यात फाटला, पण तो ट्रेडचा दोष नव्हे. किंग्सनी फेब्रुवारी २०२५मध्ये फॉक्सलाही गमावलं, आणि ज्याच्यासाठी हॅलिबर्टनला वाट मोकळी करून द्यायला लावली तोच गेला. किंमत जास्त पडली. तरी त्या शहराला जे हवं होतं ते मिळालं, आणि मी तो ट्रेड चुकीचा म्हणत नाही.

आता याच पायऱ्यांनी फेब्रुवारी २०२५चा डॉनचिच ट्रेड तपासा. डॅलसने २५ वर्षांचा लुका डॉनचिच लेकर्सना दिला आणि ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९चा पहिल्या फेरीचा एक पिक घेतला. नियमांत बसत होता. लेकर्सचा होकार सांगायला नकोच. डॅलसच्या बाजूनेही कारणं होती: संघ २०२४च्या फायनल्सपर्यंत गेला होता, त्यांना लगेच जिंकायचं होतं, बचावासाठी डेव्हिस हवा होता, डॉनचिचच्या तंदुरुस्तीची काळजी होती, आणि लवकरच त्याच्याशी पाच वर्षांचा सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा करार करावा लागणार होता. ही सगळी कारणं खरी मानली तरी ट्रेड बाजारभावाच्या प्रश्नाशी अडतो. डॅलसने लिलावच केला नाही. बोलणी गुपचूप एकट्या लेकर्सशी केली. आणि लेकर्सकडे द्यायला आणखी होतं, हे आठवड्याभरातच उघड झालं. त्यांनी शार्लटच्या मार्क विल्यम्ससाठी २०३१चा पहिल्या फेरीचा पिक, २०३०चा स्वॅप आणि नवोदित डाल्टन नेक्ट देऊ केले. विल्यम्स तब्येतीच्या तपासणीत बसला नाही म्हणून तो व्यवहार रद्द झाला. विल्यम्ससाठी जे निघालं ते डॉनचिचसाठी मागितलंच गेलं नव्हतं.

मे महिन्यात ड्राफ्टच्या सोडतीत डॅलसला १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. तो या ट्रेडच्या जमेला धरू नका. सोडत निघाली त्याच्या तीन महिने आधीच सौद्यावर सह्या झाल्या होत्या.